ट्रॅकर म्हणतो गाडी ४० मिनिटं उभी होती, ड्रायव्हर म्हणतो चालूच होती. खरं कसं शोधायचं?

एका गाडीमालक दादांनी इथे विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पिंपळगाव बसवंतहून वाशी मार्केटला टोमॅटो नेणाऱ्या दोन आयशर आणि एक छोटा हत्ती अशा तीन गाड्या आहेत. तिन्हीवर ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला जीपीएस ट्रॅकर आहे. मागच्या आठवड्यात रात्री ॲपवर एक आयशर कसाऱ्याच्या वर ४० मिनिटं उभी दिसली, ड्रायव्हर म्हणतो मी कुठेच थांबलो नाही. त्यात जाऊन-येऊन मीटरवर ४१० किमी आणि ट्रॅकरवर ३७२. दादांनी ड्रायव्हरचा भत्ता धरून ठेवलाय आणि विचारलंय की आता ‘नाविक’वाला (भारताच्या स्वतःच्या सॅटेलाइटवर चालणारा) महाग ट्रॅकर घेऊ का, एआयएस १४० (ट्रॅकरचा सरकारी नियम) सक्तीचा आहे का, आणि मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोयही सोबत घेऊ का.

मी नाशकात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि बरीच वर्षं ट्रॅकर बसवतोय, त्यामुळे ही तक्रार मला नवी नाही, मालक आणि ड्रायव्हर दोघं एकदमच दुकानात येतात आणि दोघांनाही वाटत असतं की समोरचा खोटं बोलतोय. दादा, तुमचा खरा प्रश्न कुठला ट्रॅकर घ्यायचा हा नाहीये. तुमच्याकडे जो आहे तो काय सांगतोय हे वाचायचं कसं, हा आहे. ते नाही जमलं तर तिप्पट किमतीचा घेतलात तरी पुढच्या महिन्यात हेच भांडण.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सॅटेलाइटला तुमची गाडी दिसत नाही. जीपीएसचे सॅटेलाइट जमिनीपासून साधारण २०,२०० किमीवर फिरतात आणि ते फक्त वेळ आणि स्वतःची जागा प्रसारित करत राहतात, आपला डबा, म्हणजे ट्रॅकर, ते नुसतं ऐकतो, रेडिओ ऐकतो तसं, वर काहीच पाठवत नाही. निदान चार सॅटेलाइट नीट ऐकू आले की डबा स्वतः हिशोब करून आपली जागा काढतो (तीन गोष्टी जागेच्या आणि चौथी वेळेची, कारण डब्यातलं घड्याळ तेवढं अचूक नसतं). इथे सॅटेलाइटचं काम संपलं. आता ही जागा तुमच्या मोबाइलवर यायची तर डब्यातल्या सिमने ती साध्या मोबाइल टॉवरवरून सर्व्हरला पाठवावी लागते. म्हणजे कामं दोन आणि दोन्ही वेगवेगळी बिघडतात. आकाश दिसतंय पण टॉवर नाही, असं घाटात होतं. टॉवर आहे पण आकाश नाही, असं पत्र्याच्या शेडखाली होतं. ॲप मात्र दोन्ही वेळा सारखंच चित्र दाखवतं, गाडीचं चिन्ह एका जागी गोठलेलं आणि खाली ‘थांबली’.

म्हणून पहिली तपासणी एकदम सोपी आहे, पैसे लागत नाहीत. त्या ४० मिनिटांच्या आधीचा शेवटचा बिंदू (डब्याने पाठवलेली जागेची एक नोंद) कुठे आहे आणि नंतरचा पहिला बिंदू कुठे आहे ते बघा. गाडी खरंच उभी असेल तर दोन्ही बिंदू एकाच जागी असतात आणि मधेसुद्धा दर मिनिटाला त्याच जागेचे, शून्य स्पीडचे बिंदू येत राहतात. मधे बिंदूच नाहीत आणि पुढचा बिंदू एकदम घाट उतरून खर्डी-शहापूरकडे कुठेतरी उगवलाय, तर गाडी चालत होती आणि डबा गप्प होता. मध्ये बिंदू असणं आणि मध्ये काहीच नसणं हा फरक ॲपच्या नकाशावर दिसत नाही, त्यासाठी रिपोर्टमधून ‘हिस्टरी’ किंवा ‘रॉ डेटा’ काढावा लागतो. प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर ही सोय बहुतेक असते, मोबाइल ॲपमध्ये नसेल तर कॉम्प्युटरवरून लॉगिन करून बघा.

तो रॉ डेटा उघडलात की प्रत्येक ओळीत चार गोष्टी शोधा. पहिली, ती जागा वैध आहे की नाही याची खूण. बऱ्याच डब्यांत ही ‘ए’ किंवा ‘व्ही’ अशी असते, ‘ए’ म्हणजे सॅटेलाइटवरून काढलेली खरी जागा, ‘व्ही’ म्हणजे आत्ता जागा सापडत नाही, मागचीच परत पाठवतोय. ‘व्ही’च्या ओळी स्पीड शून्य दाखवतात आणि जागा जुनीच, आणि स्वस्तातलं सॉफ्टवेअर ते सरळ ‘थांबली’मध्ये टाकतं. दुसरी गोष्ट सॅटेलाइटची संख्या, मोकळ्या हायवेवर ही आठ-दहा किंवा जास्त असते, तीन-चारवर आली की त्या ओळीवर विश्वास ठेवायचा नाही. तिसरी, दोन वेळा असतात, एक डब्याने जागा घेतली ती वेळ आणि दुसरी सर्व्हरला मिळाली ती. नेटवर्क नसताना चांगला डबा बिंदू साठवून ठेवतो आणि टॉवर मिळाला की एकदम सगळे पाठवतो, तेव्हा सर्व्हरच्या वेळेने रिपोर्ट काढला तर तीसेक बिंदू एकाच मिनिटात आल्यासारखे दिसतात आणि त्याच्या आधीचा काळ रिकामा. कायम डब्याची वेळ धरा. चौथी, ती वेळ आपली आहे का. सॅटेलाइटची वेळ जागतिक वेळेशी जोडलेली असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे, सेटिंग चुकलेलं असेल तर लॉगमधली, म्हणजे या रॉ डेटातली, रात्री १:४० ची नोंद प्रत्यक्षात सकाळी ७:१० ची असते. रात्रीचा मुक्काम म्हणून ज्याच्यावर भांडण झालं तो सकाळी गाळ्यावर माल उतरवतानाचा थांबा निघाला, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता याला दुसरा साक्षीदार लावा, तो तुमच्याकडे आधीच आहे, फास्टॅगचे मेसेज. तुमची गाडी जुन्या हायवेने गेली असेल तर घोटीचा टोल आणि पडघ्याजवळचा टोल, दोन्हीची वेळ मोबाइलवर आलेली असणार. मधलं अंतर साधारण ७०-७५ किमी आहे आणि कसारा घाट त्यातच येतो. समजा घोटीला १:१० आणि पडघ्याला २:५५, म्हणजे पावणेदोन तास, भरलेल्या आयशरला रात्री हा वेळ ठीकच आहे. यातून ४० मिनिटं थांबा वजा केला तर उरतात ६५ मिनिटं, म्हणजे घाटासकट सरासरी ताशी ६५-७० किमी. माल भरलेली गाडी घाट उतरून तो वेग काढत नाही. तुमच्या वेळा काय आहेत मला माहीत नाही, त्या टाकून हिशोब करा, पण असा हिशोब निघाला तर ड्रायव्हर खरं बोलतोय. उलट दोन टोलच्या मध्ये अडीच-पावणेतीन तास निघाले तर तो कुठेतरी थांबला होता हे नक्की, मग त्याला शांतपणे विचारा. अपघातामुळे ट्रॅफिक जॅम असेल, टायर असेल, चहाला किंवा झोप आली म्हणून थांबला असेल. रात्री झोप आल्यावर थांबणारा ड्रायव्हर मला तरी चांगला वाटतो, त्याला त्यासाठी पैसे कापायची भीती वाटू नये.

किलोमीटरचा फरक. ४१० आणि ३७२, म्हणजे ३८ किमी, आणि तुम्हाला वाटतंय त्याने मधे कुणाचं तरी भाडं मारलं. इथे जरा थांबून विचार करा, त्याने आडवाटेला गाडी नेली असती तर ट्रॅकरनेही ते किलोमीटर मोजले असते आणि नकाशावर ती आडवाट दिसली असती. मीटर जास्त आणि ट्रॅकर कमी, एवढ्याने आडवाट सिद्ध होत नाही. ट्रॅकर चाकाचे फेरे मोजत नाही, तो दोन बिंदूंमधलं सरळ अंतर जोडत जातो. स्वस्त डबे डेटा वाचवायला मिनिटाला एक बिंदू पाठवतात. घाटात गाडी ताशी २५ ने चालली तरी मिनिटाला ४०० मीटरच्या वर जाते आणि तेवढ्यात एक अख्खं वळण होऊन जातं, गाडी वळणावरून फिरली आणि ट्रॅकरने वळणाची दोन टोकं सरळ रेषेने जोडली. हे प्रत्येक वळणाला होतं. त्यात ४० मिनिटं डेटाच नसेल तर त्या सगळ्या रस्त्याच्या जागी एकच सरळ रेघ. दुसऱ्या बाजूने मीटरही अगदी बरोबर नसतं, टायर घासला की चाकाचा घेर कमी होतो आणि त्याच अंतराला फेरे जास्त होतात म्हणजे मीटर जास्त दाखवतो. ट्रकच्या टायरची नक्षी नवी असताना आणि संपत आल्यावर मिळून दोनेक टक्क्यांचा फरक सहज पडतो, ४१० वर दोन टक्के म्हणजे आठ किमी झालेच.

याच्या उलटही होतं. वाशीला गाडी शेडखाली किंवा उंच बिल्डिंगच्या मध्ये रात्रभर उभी असेल तर सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि जागा इकडे-तिकडे हलत राहते. मिनिटाला दहा मीटर हलली तरी दहा तासांत सहा किमी होतात, गाडी एक इंचही न हलता. चांगल्या डब्यात इग्निशन बंद असताना अंतर मोजायचं नाही अशी सेटिंग असते, पण ती चालायची तर इग्निशनची वायर खरंच इग्निशनला जोडलेली पाहिजे. घाईत बसवणारे फक्त लाल-काळी जोडून इग्निशनची वायर सरळ बॅटरीच्या लाइनवर देऊन टाकतात, मग ट्रॅकरला गाडी कायम चालूच वाटते.

म्हणून मीटरशी तुलना करू नका, ट्रॅकरची तुलना ट्रॅकरशीच करा. याच रस्त्याच्या मागच्या पाच-सहा फेऱ्यांचे ट्रॅकरचे किलोमीटर काढा. सगळ्या ३७० च्या आसपास असतील तर हा त्या डब्याचा कायमचा फरक आहे, ड्रायव्हरचा नाही. एकच फेरी वेगळी असेल तर तिचा नकाशा उघडून बघा.

इथपर्यंतचं लॉग आणि टोलवरून कळतं. आता डबा गप्प का होतो त्याकडे येऊ, आणि माझ्या अनुभवात सॅटेलाइटचा दोष सगळ्यात शेवटी निघतो. पहिलं कारण सिम. तुमचा डबा टूजीचा आहे का बघा, खोक्यावर लिहिलेलं असतं, स्वस्तातले बरेच टूजीचेच येतात. जिओला टूजी नाहीच, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालणारच नाही, आणि बाकीच्या कंपन्यांचंही टूजी घाटात जिथे असेल तिथेच. फोरजीचा डबा घ्या, आणि त्यात साधं घरचं सिम टाकण्यापेक्षा मशिनसाठी मिळतं ते १३ आकडी नंबरचं एमटूएम सिम घ्या, कारण घरच्या सिमचा रिचार्ज संपला हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि ट्रॅकर मेला म्हणून गाडी माझ्याकडे येते.

दुसरं डब्याची जागा. लपवायच्या नादात डबा स्टीलच्या पत्र्याखाली, बॅटरीच्या खोक्यात किंवा इंजिनजवळ कोंबतात. सॅटेलाइटचा सिग्नल जमिनीपर्यंत येतो तेव्हा फार म्हणजे फारच अशक्त झालेला असतो, प्लास्टिकमधून आणि साध्या काचेतून येतो, लोखंडातून नाही. डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, अँटेनाची बाजू वर, हवेच्या डक्टला घट्ट टाय मारून, ही चांगली जागा. डॅश कॅमेरा आणि स्वस्तातला यूएसबी चार्जर त्याला चिकटून नको, त्यांच्या आतला सर्किटचा गोंगाट जीपीएसच्या फ्रिक्वेन्सीवर येतो आणि सॅटेलाइट बुडवून टाकतो. संशय असेल तर चार्जर काढून पंधरा मिनिटं मोकळ्या मैदानात गाडी उभी करा आणि लॉगमधली सॅटेलाइटची संख्या वाढते का बघा. तिसरं सप्लाय. आयशरला २४ व्होल्ट आहे की १२ ते गाडीवर मोजून घ्या, हत्तीवर १२ असतं, आणि काढलेला सप्लाय बॅटरीच्या मेन स्विचच्या आधीचा आहे की नंतरचा तेही. नंतरचा असेल तर ड्रायव्हरने रात्री मेन स्विच बंद केला की डबा आतल्या छोट्या बॅटरीवर काही तास चालतो आणि झोपतो, यात ड्रायव्हरची काहीच चूक नाही, त्याला बॅटरी उतरू द्यायची नसते. फ्यूज मात्र लावाच, बॅटरीजवळ, नाहीतर वायर घासून आग लागते.

बोगद्यांचंही लक्षात ठेवा. समृद्धी महामार्गाने इगतपुरीहून भिवंडीजवळच्या आमणेला गाडी पाठवलीत तर मध्ये साधारण आठ किमीचा बोगदा आहे, ताशी ६० ने गेलं तरी आठ मिनिटं आकाश नाही. तिथे जागा गोठणारच.

ड्रायव्हर कधीच डब्याशी खेळत नाहीत असं मी म्हणत नाही. वायर काढतात, अँटेनावर चांदीचा कागद लावतात, क्वचित जॅमर (सॅटेलाइटचा सिग्नल दाबून टाकणारं यंत्र). पण खेळ केला की त्याच्या खुणा वेगळ्या असतात. वायर काढली तर ‘पॉवर कट’चा अलर्ट येतो. झाकला तर टॉवर चालू, पाठवणं चालू आणि सॅटेलाइट शून्य, तेही मोकळ्या हायवेवर, आणि दर वेळी त्याच ठिकाणी. घाटातल्या गॅपमध्ये नेटवर्क जातं, सॅटेलाइट सहसा पूर्ण जात नाहीत, त्यामुळे साठवणारा डबा असेल तर नंतर सगळे बिंदू येतात. जॅमर तर सरळ बेकायदेशीर आहे आणि धोकादायकही. २०१२ मध्ये अमेरिकेत नेवार्क विमानतळाजवळून जाणाऱ्या एका पिकअपमध्ये मालकाला जागा कळू नये म्हणून लावलेला जॅमर होता, त्याने विमानतळावरच्या उपग्रह-आधारित लँडिंग यंत्रणेत अडथळा आला आणि त्या ड्रायव्हरला सुमारे ३२ हजार डॉलर दंड झाला. ड्रायव्हर लोकांना हे समजावून सांगा, आणि ट्रॅकर आहे हेही लपवू नका. त्याला माहीत असेल तर उद्या कुणी म्हणालं तुझी गाडी अमुक ठिकाणी अपघातात होती, तर हाच डबा त्याच्या बाजूने बोलेल.

‘नाविक’ घेऊ का? भारताची यंत्रणा आहे, इस्रोने २०१३ पासून तिचे सॅटेलाइट सोडले, सात सॅटेलाइटची रचना आणि ते आपल्या भागावर उंच आकाशात दिसतात. घाटात दरीच्या भिंती आडव्या येतात तेव्हा उंच सॅटेलाइट कामाला येतात, म्हणून जीपीएससोबत नाविक, रशियाचं ग्लोनास असे एकापेक्षा जास्त ऐकणारा डबा जरूर चांगला. पण तुमचं दुखणं टॉवरचं असेल तर त्यावर हे औषध नाही.

एआयएस १४० परिस्थितीवर अवलंबून आहे. तो नियम मुळात प्रवासी गाड्यांसाठी, बस आणि टॅक्सी, १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंद झालेल्या सार्वजनिक गाड्यांना ट्रॅकर आणि आणीबाणीचं बटन लागतं. मालगाडीत नॅशनल परमिट, धोकादायक माल, वाळू-खडीसारखं गौण खनिज यांना वेगळे नियम आहेत. तुम्ही भाजीपाला राज्यातल्या राज्यात नेता, तर तुमचं परमिट घेऊन आरटीओत विचारा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर नको. सक्ती नसली तरी एआयएस १४० च्या डब्यात दोन नेटवर्कचं आतलंच सिम, आतली बॅटरी आणि बिंदू साठवणं हे सगळं असतं, तुमच्या घाटाच्या रस्त्याला तेच पाहिजे. सक्ती नसेल तर साधा फोरजी डबाही चालेल, फक्त नेटवर्क नसताना बिंदू साठवतो का आणि दहा सेकंदांना एक बिंदू लावता येतो का, हे दोन प्रश्न विकत घ्यायच्या आधी विचारा.

इंजिन बंद करायची सोय घेऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. तुम्ही घरी बसून बटन दाबलंत तेव्हा गाडी घाटात उतारावर असू शकते, आणि आत्ताच बघितलं की ॲपवरची जागा आणि ‘थांबली’ दोन्ही जुनी असू शकतात. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो, इंजिन ब्रेकिंग जातं, आणि मागे भरलेली गाडी असते. वर २४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टचा रिले (इंजिनची लाइन तोडणारा विजेवरचा स्विच) लावलेला मी काढलाय, जळून काळा झालेला, तो रस्त्यात कधीही इंजिन बंद पाडू शकतो. बीएस-६ गाडीत तर ती लाइन तोडली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि वॉरंटी दोन्हीचा गोंधळ. चोरीची भीती असेल तर इग्निशन बंद असताना गाडी हलली की फोन येईल असा अलर्ट लावा, आणि स्टार्टर न फिरू देणारा गुप्त स्विच लावा, त्याने चालती गाडी बंद पडत नाही.

तर आज रात्रीचं काम एवढं करा: त्या फेरीचा रॉ डेटा काढा, गॅपच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन ओळी, दोन्ही टोलच्या वेळा, आणि डब्यावरचं मॉडेल, सगळ्याचा फोटो इथे टाका, सिम नंबर आणि गाडी नंबर झाकून. मी बघून सांगतो. आणि ड्रायव्हरचा भत्ता आजच देऊन टाका, लॉगमध्ये काही निघालंच तर नंतर बोलता येईल.